बिनतारी जाळे आणि क्षीण संदेशांचे रक्षण
(पुणे येथील भाषणाचा मजकूर)

पुण्याच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवर, जुन्नर तालुक्यातील खोडद परिसरात, महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बीण उभी आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची ही दुर्बीण डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पकतेतून व परिश्रमांतून साकार झाली. १९ ऑक्टोबर २०१६ रोजी मंगळावर उतरू पाहणाऱ्या युरोपीय ‘शियापारेल्ली’ यानाचा अतिक्षीण संदेश याच तबकड्यांनी टिपला. असे ऐकावयाचे तर आसमंत शांत हवा. म्हणूनच डोंगरांच्या आडोशाची ही जागा निवडण्यात आली.

त्याच परिसरात नारायणगावचा टोमॅटो बाजार आहे. तेथील शेतकऱ्यास भाव कळावा, विद्यार्थ्यास धडा मिळावा, यासाठी ब्रॉडबँड हवे, हेही तितकेच खरे. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा मोबाईल सेवेसाठी विकला गेला. या लहरी दूरवर जातात व भिंती भेदतात, म्हणून ग्रामीण भागास त्या सोयीच्या. परंतु दुर्बिणीचा एक पट्टा ५५० ते ८५० मेगाहर्ट्झ असा आहे! येथे दोष कोणाचाच नाही. जागा मात्र एकच आहे.

उपग्रहांद्वारे होणाऱ्या दिग्दर्शनाचा प्रश्नही याच जातीचा होय. आपल्या ‘नाविक’ प्रणालीचे उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून बोलतात. जमिनीवर पोहोचेपर्यंत त्यांचा आवाज कुजबुजीहूनही मंद होतो. त्यांचा एक संदेश २४९२ मेगाहर्ट्झच्या आसपास असतो. खाली २४८३.५ पर्यंत घरोघरीचे वाय-फाय, वर २५०० पासून ब्रॉडबँडचा पट्टा. मध्ये उरते ती साडेसोळा मेगाहर्ट्झची अरुंद बोळ.

शेजार किती जाचक ठरतो, हे अमेरिकेत दिसून आले. २०११ मध्ये जीपीएसलगतच्या पट्ट्यात ब्रॉडबँड सुरू करण्याच्या योजनेची चाचणी झाली, तेव्हा अनेक जीपीएस ग्राहकयंत्रे गोंधळली. प्रक्षेपक आपल्या हद्दीतच होते. यंत्रांचे कान मात्र शेजारच्या पट्ट्यापर्यंत उघडे होते. तेव्हा चांगली गाळणी बसविण्याची जबाबदारी ऐकणाऱ्यावरही येते. २०२० मध्ये तेथे परवानगी देताना २३ मेगाहर्ट्झची मोकळी पट्टी राखण्याची अट घालण्यात आली. अशी पट्टी वाया गेली असे मानणे म्हणजे शेताचा बांध पडीक समजण्यासारखे आहे. आणखी एक गंमत अशी की, ज्या दिग्दर्शक उपग्रहांना संरक्षण द्यावयाचे, त्यांचाच ११७६ मेगाहर्ट्झचा संदेश खोडदच्या दुर्बिणीस उपद्रव देतो.

लहरींचे वाटप दिल्लीत, केंद्राच्या बिनतारी नियोजन शाखेकडून होते. मनोरा मात्र गावात उभा राहतो. खोडदच्या आसपास तो उभारण्यापूर्वीच त्याची उंची, शक्ती आणि अँटेनाची दिशा यांविषयी दुर्बिणीच्या शास्त्रज्ञांशी विचारविनिमय व्हावयास हवा. मागाहून हे सारे बदलणे खर्चाचे असते. शाळा, दवाखाना व पंचायत कार्यालय यांना तर बिनतारीवाचूनही जोडता येते. काचतंतूमधून जाणारा संदेश आकाशात गोंगाट करीत नाही. ‘भारतनेट’ची तंतुवाहिनी आपल्या ग्रामपंचायतीच्या दारापर्यंत आली आहे काय, आणि आली असल्यास चालू आहे काय, ही विचारणा सदस्यांनी मनोऱ्याच्या अर्जावर ठराव करण्याआधी करावी.