होकारानंतरचा फोन



अवयवदान वाढत नाही म्हणून आपण समाजाच्या अज्ञानाला बोल लावतो. मला ते पटत नाही. भारतात मरणोत्तर दाते दहा लाख लोकांमागे वर्षाला एकही भरत नाहीत. स्पेनमध्ये ते चाळीसच्या वर आहेत. नकार नोंदवलेला नसेल तर संमती धरणारा कायदा तिथे 1979 पासून आहे, हे खरे. पण व्यवहारात तिथेही नातेवाइकांना विचारतातच. खरा फरक पडला तो रुग्णालयांत नेमलेल्या, नातेवाइकांशी बोलणाऱ्या प्रशिक्षित समन्वयकांमुळे. म्हणजे सगळे अडते ते अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर. तिथे बसलेल्या आईला आत गेल्यावर व्हेंटिलेटरवरच्या मुलाची छाती वरखाली होताना दिसते, हात धरला तर कोमट लागतो, आणि डॉक्टर सांगतात, तो गेला. तिने विश्वास कसा ठेवावा? मेंदू मृत झाला का हे ठरवताना व्हेंटिलेटर बाजूला करून शरीर स्वतःहून एक तरी श्वास घेते का, हे पाहतात; आपल्याकडच्या 1994च्या अवयव प्रत्यारोपणाच्या कायद्याप्रमाणे चार डॉक्टर किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतात, आणि अवयव काढणारे त्यांत नसतात. हे तिला बसून, घाई न करता सांगायला हवे. नुसते ‘ब्रेन डेड’ म्हणून निघून जाणे हा तिच्यावर अन्याय आहे.

‘अवयव शेवटी पैसेवाल्यालाच मिळतो,’ असा आक्षेप येतो. वाटप विभागीय समितीच्या प्रतीक्षायादीनुसार होते, हे उत्तर बरोबर असले तरी अपुरे आहे. शस्त्रक्रियेचा खर्च आणि मग जन्मभराच्या गोळ्या ज्याला झेपत नाहीत, तो यादीपर्यंत पोचणार कसा? यावर उपाय दान थांबवणे नव्हे. सरकारी रुग्णालयांत प्रत्यारोपणे वाढवणे हा आहे.

आणि होकार दिल्यावर त्या घराला आपण विसरतो. दाता आणि रुग्ण यांची नावे एकमेकांना कळवत नाहीत, ते योग्यच. पण नाव न सांगताही मूत्रपिंड काम करू लागले, एवढे कळवता येते. पुन्हा आयुष्य मिळालेल्या रुग्णाच्या मनातही, कोणाच्या तरी मरणावर आपण जगतो आहोत, हा सल असतो. त्याचेही निनावी पत्र पोचवता येईल. इथे जमलेल्या प्रत्येक रुग्णालयाला माझी हात जोडून विनंती आहे: दात्याच्या वर्षश्राद्धाआधी त्याच्या घरी एक फोन जायलाच हवा, आणि तो कोणी करायचा हे आज इथून जाण्यापूर्वी ठरवा.