रूळ, तार आणि तापलेलं टोक

घरात छोटी रेल्वे मांडताय?
मग रुळांना तारा जोडायला सोल्डरिंग स्टेशन लागेल.

स्वस्त चालेल.
पण तापमान धरून ठेवणारं हवं.

गंमत बघा.
धातूचा रूळ उष्णता पटकन ओढून घेतो.
कमजोर सोल्डरिंग आयर्न मग टेकवूनच ठेवावं लागतं.
तेवढ्यात खालचे प्लॅस्टिकचे स्लीपर वितळतात!
60 वॉटचं, चपट्या टोकाचं आयर्न दोन-तीन सेकंदांत काम उरकतं.
सुईसारखं टोक दिसायला छान,
रुळाला मात्र कुचकामी.

स्टेशनवर आकड्यांचा पडदा नसला तरी बिघडत नाही.
सुटी टोकं मिळतात का, ते आधी विचारा.

पुन्हा सांगते,
स्वस्त चालेल, पण तापमान धरून ठेवणारं घ्या.

जोडताना टोक ओल्या स्पंजावर चर्रकन पुसा.
टोकावरचं कथील चंदेरी चमकलं, की टेकवा.
आणि हो, खिडकी उघडी ठेवा.