घराचा कागद आणि वारसांची नावे



शिक्षण संस्थेच्या व्यासपीठावर घराच्या कागदांचा विषय काहींना नवलाचा वाटेल. परंतु मुलांच्या उच्च शिक्षणासाठी घर तारण ठेवण्याची वेळ आली, की बँक प्रथम विचारते, घर कोणाच्या नावावर आहे?

बारामती आणि इंदापूर या दोन्ही नगरपालिका १८६५ सालच्या. जुन्या वस्तीत घरपट्टीच्या पावत्या पेटीत जपून ठेवलेल्या असतात. जपाव्यातच, मात्र त्या कर भरल्याच्या पावत्या होत, मालकीच्या नव्हेत. सिटी सर्व्हे झालेल्या घराची मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, भूमि अभिलेख खात्याकडे असते. नगरपालिकेत नाव बदलले म्हणून तेथे ते आपोआप बदलत नाही. मृत्यूचा दाखला व वारसांची माहिती जोडून स्वतंत्र अर्ज करावा लागतो. हे राहिले, की पत्रिकेवर आजोबा-पणजोबांचेच नाव राहते.

आता वारसांविषयी. समजा, एक गृहस्थ वारले. त्यांचे आईवडील हयात नाहीत. मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी. मुस्लिम वारसा कायद्याप्रमाणे घराचे चाळीस हिस्से धरले, तर पत्नीस पाच, प्रत्येक मुलास चौदा आणि मुलीस सात मिळतात. मुलगी सासरी गेली म्हणून तिचे सात हिस्से नाहीसे होत नाहीत. असे असता अर्जात केवळ मुलांची नावे लिहिली जातात. हा अन्याय तर आहेच, शिवाय पुढील पिढीच्या दाव्याचे ते बीज आहे. बहिणीला खुशीने हक्क सोडावयाचा असेल, तर दुय्यम निबंधकांकडे नोंदलेले हक्कसोडपत्र करावे. कोऱ्या कागदावरच्या सहीवर विसंबू नये.

आणखी एक. १९६६ च्या नगररचना कायद्यानुसार शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध होतो, तेव्हा हरकतींसाठी मुदत असते. रस्तारुंदीची रेषा किंवा आरक्षण आपल्या घरावर आले आहे काय, हे त्याच वेळी नकाशात पाहावे. मुदत टळल्यावर हळहळून उपयोग नाही.

विद्यार्थी मित्रांनो, मिळकत पत्रिका आता संगणकावरही मिळते. तुम्ही शिकलात, तेव्हा या सुटीत घराची पत्रिका काढा, वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा आणि तीत आईचे, आत्याचे, बहिणीचे नाव आहे की नाही, ते पाहा. घरातील सर्वांच्या हक्काची नोंद झाली, तर तुमच्या शिक्षणाचे चीज झाले असे मी समजेन.