घरच्या घरीं चहाची पारख

१८९० सालीं पुण्याच्या पंचहौद मिशनमध्यें एका कार्यक्रमाला जमलेल्या मंडळींपुढें चहा ठेवण्यांत आला, आणि त्या चहावरून पुढें बराच काळ ग्रामण्य गाजलें. न्यायमूर्ति रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारख्यांनाहि प्रायश्चित्ताच्या वादाला तोंड द्यावें लागलें. चहा कोण प्यालें आणि कोणीं नुसता पेला हातीं धरला, याची चौकशी झाली. चहा कसा होता, हा प्रश्न कोणाला पडण्याचें कारणच नव्हतें. पुढेंहि आपल्याकडे चहाची चर्चा पुष्कळ झाली, पण ती बहुधा तो प्यावा कीं न प्यावा या एकाच अंगानें.

श्रोतेहो, त्या राहून गेलेल्या प्रश्नाकडे आज वळूं या. घरोघरीं चहाविषयीं मतें नाहींत असें नाहीं. एकाला आसामशिवाय दुसरा चहा चालत नाहीं, दुसऱ्याला वेलचीवांचून तो गोड लागत नाहीं, आणि नुकतेच दार्जिलिंग पाहून आलेले पाहुणे तर बाकी सर्व चहांना पालापाचोळा म्हणून मोकळे होतात. यांपैकीं कोणतें मत जिभेचें आणि कोणतें पुड्यावरील किंमतीचें, हें एका रविवारच्या दुपारीं, स्वयंपाकघरांतल्याच भांड्यांनीं ठरवितां येतें.

अडचण एकच आहे. आपण ज्या रीतीनें चहा करतों त्या रीतीनें चहाची पारख होत नाहीं. पाणी, साखर, आलें, चहा आणि दूध हीं सारीं एका पातेल्यांत उकळतात. पानांतल्या ज्या द्रव्यांमुळें चहा तुरट लागतो त्यांना दुधांतलें केसीन नांवाचें प्रथिन धरून ठेवतें. राहिलेला कडूपणा साखर झांकते. आणि वास येतो तो आल्याचा. मग पुडा कोणता होता हें ओळखावें कशावरून? असा चहा वाईट, असें मात्र मी म्हणणार नाहीं. १९०३ च्या कायद्यानें चहाच्या निर्यातीवर कर बसवून प्रचारासाठीं पैसा उभा करण्यांत आला, आणि पुढें प्रचारकांनीं आपल्या देशांतहि किटलींत पान मुरवून वर थोडें दूध घालण्याचा धडा लोकांना दिला. लोकांनीं चहा घेतला, धडा घेतला नाहीं. १९३० च्या सुमारास आसामांत पान दांतेरी रुळांमधून चुरडून, फाडून व वळवून त्याचे बारीक दाणे करण्याची कृति निघाली. हाच सीटीसी चहा. भारतांतील बहुतेक चहा आज याच रीतीनें होतो. हा दाणा पातेल्यांत कितीहि उकळला तरी दुधापुढें मान टाकीत नाहीं. नाजूक पानाचा तेथें निभाव लागत नाहीं.

तेव्हां पारखीपुरतें पातेलें बाजूस ठेवावें. चहा चाखणें हाच ज्यांचा धंदा आहे त्यांची रीत सोपी आहे, आणि १९८० सालीं आंतरराष्ट्रीय मानक म्हणून ती छापलीहि गेली: १०० मिलिलिटर पाण्याला २ ग्रॅम चहा, पाणी नुकतें खळखळून उकळलेलें, वर झांकण, आणि वेळ ६ मिनिटें. चहा चमच्यानें मोजूं नये, वजन करावें. कारण सीटीसीचा चमचा आणि दार्जिलिंगच्या मोकळ्या पानांचा चमचा यांच्या वजनांत पुष्कळ अंतर पडतें. पेले आंतून पांढरे व एकसारखे असावेत. पाणी सर्वांना एकच घ्यावें. विहिरीचें किंवा बोअरचें जड पाणी असेल तर रंग मळकट येतो, वर तवंग धरतो, आणि दोष चहाला लागतो. साखर नाहीं, दूध नाहीं. हें ऐकून निम्मे परीक्षक उठून जातील, जाऊं द्यावेत. पेला थोडा निवला कीं घोट घ्यावा, आणि घेतांना भुरका मारावा. लहानपणीं ज्यासाठीं आपण बोलणीं खाल्लीं तेंच येथें शास्त्र आहे: भुरक्याबरोबर चहाचे तुषार तोंडभर पसरतात आणि त्यांचा वास घशाच्या मागच्या वाटेनें नाकांत चढतो. आपण जिला चव म्हणतों तिचा मोठा वांटा या वाटेनें आलेल्या वासाचा असतो.

साधे चहा आधीं घ्यावेत. वेलचीचा पेला पहिल्यानें घेतला तर पुढच्या चार पेल्यांना वेलचीच लागते. आसाम, निलगिरी आणि दार्जिलिंग असे तीन पेले शेजारीं शेजारीं ठेवले कीं बोलण्याला विषय आपोआप मिळतो. आसामचा चहा तांबूस व दाट; तो तोंडांत भरीव लागतो, आणि भाजलेल्या धान्याची आठवण देतो. दार्जिलिंगचा, विशेषतः मार्च-एप्रिलमधील पहिल्या खुडणीचा, पाहतांक्षणीं निराशा करतो. चहा म्हणावा इतकाहि रंग त्याला नसतो. वास घेतला म्हणजे मत बदलूं लागतें. मे-जूनच्या दुसऱ्या खुडणीचा रंग सोनेरी असतो आणि त्याला पिकलेल्या द्राक्षांचा एक वास येतो. तो येण्याचें एक कारण मोठें मौजेचें आहे. हिरवे तुडतुडे कोंवळ्या पानांचा रस शोषतात, तेव्हां झाड आपल्या बचावासाठीं जीं सुगंधी द्रव्यें तयार करतें त्यांचा हा वास. कीड लागलेली भाजी आपण परत करतों. हा चहा किडीमुळेंच भाव खातो! निलगिरीचा चहा या दोघांच्या मध्यें गप्प बसलेला असतो. तो उजळ, स्वच्छ, किंचित् फुलांच्या वासाचा असून त्यांत कांहीं बोचत नाहीं. माझा स्वतःचा कल याच्याकडे आहे, आणि त्याचें नांव आपल्या घरांत इतकें कमी ऐकूं यावें याचें मला नवल वाटतें.

आतां स्वादाचे चहा. चीनमधील फूचौ शहराच्या परिसरांत चहाचीं पानें मोगऱ्याच्या कळ्यांबरोबर रात्रभर ठेवतात. रात्रीं कळ्या उमलतात, पान तो वास पितें, मग फुलें काढून टाकतात. उत्तम चहासाठीं ही कृति पुनःपुन्हां करतात. अर्ल ग्रे या इंग्रजी चहाला बर्गामोट नांवाच्या फळाच्या सालीच्या तेलाचा वास देतात. हें लिंबाच्या जातीचें फळ मुख्यतः इटलीच्या कालाब्रिया प्रांतांत होतें. आपली तिसरी रीत पातेल्यांतली. तिची परीक्षा करावयाची तर एकाच साध्या चहाचे चार पेले करावेत: एक तसाच, दुसऱ्यांत गवती चहा, तिसऱ्यांत वेलची, चौथ्यांत आलें. साधा पेला शेजारीं हवाच. त्यावांचून मसाल्यानें काय दिलें आणि काय झांकलें हें कळत नाहीं.

मग नाक चिमटींत धरून पुन्हां एकेक घोट घ्यावा. गवती चहाचा पेला एकाएकीं साधा होऊन बसतो. गवती चहा हा मुळीं चहाच नव्हे, तें एक गवत. लिंबाच्या सालींत असणारें सिट्राल हें द्रव्य त्यांत भरपूर असतें, आणि त्याची सारी किमया वासाची. वेलचीहि बहुतेक नाहींशी होते. आलें तेवढें जागा सोडीत नाहीं. कारण तिखटपणा हा वास नव्हे आणि खऱ्या अर्थानें चवहि नव्हे, तो तोंडाला जाणवणारा दाह आहे. नाक सोडतांच वेलची परत येते. मुलांना हा खेळ फार आवडतो. जातां जातां सांगतों, कच्चें आलें दुधांत घालूं नये, त्यांतल्या एका पाचक द्रव्यानें दूध नासतें. तें आधीं पाण्यांत उकळून घ्यावें. तयार स्वादाच्या पुड्यांविषयीं माझें मत फारसें अनुकूल नाहीं. पुडा फोडतांना खोली दरवळते, तिसऱ्या घोटाला तो दरवळ सरतो, आणि खालीं राहिलेला चहा पुष्कळदां अगदीं सामान्य निघतो. घरीं ठेंचलेल्या वेलचीचा पेला त्याच्या शेजारीं ठेवून पाहावा.

इथवर पुडे डोळ्यांसमोर होते. ते झांकले म्हणजे खरी परीक्षा सुरू होते. रोनाल्ड फिशर या संख्याशास्त्रज्ञानें १९३५ च्या आपल्या ग्रंथांत एका बाईची गोष्ट दिली आहे. पेल्यांत दूध आधीं घातलें कीं चहा, हें चवीवरून ओळखतां येतें असें तिचें म्हणणें. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रांत काम करणाऱ्या म्युरिएल ब्रिस्टल या विदुषीवरून ती गोष्ट आली. फिशरनें आठ पेले कल्पिले, चार एका रीतीचे व चार दुसऱ्या. आठांतून चार निवडण्याचे प्रकार ७०; तेव्हां नुसत्या अंदाजानें सगळे बरोबर येण्याचा संभव ७० त एक. घरीं आठ पेल्यांचा खटाटोप नको. तीन पेले घ्यावेत, दोन एका चहाचे, एक दुसऱ्याचा. वेगळा कोणता तें सांगावयाचें. एकदां अंदाजानें जमेल. ओळीनें तीनदां जमण्याचा संभव २७ त एक.

पेले भरण्याचें काम त्या दिवशीं घरांतल्या पुरुषानें करावें. रोजचा चहा जिच्या हातचा असतो तिनें बहुधा सर्वांमागून, पातेल्यांत उरलेला प्यावा अशी आपल्याकडची चाल आहे, आणि तिचें मत कोणी विचारीत नाहीं. आमच्या घरीं पेले मीं भरले. दार्जिलिंगचे पुरस्कर्ते पाहुणे तीनांत एकदां बरोबर आले. माझी पत्नी तिन्ही वेळां. वर ती शांतपणें म्हणाली, "हा महागाचा चहा मला कधींच आवडला नाहीं. तुम्ही सगळे वाखाणतां, म्हणून करतें." दहा वर्षें तो पुडा आमच्या घरांत येत होता.

आतां फळीवर दोन डबे असतात. आपल्या डब्यांत कोणता चहा भरावयाचा हें तीच ठरविते. डबे घट्ट झांकणाचे आणि मसाल्याच्या डब्यापासून दूर आहेत. कारण मोगऱ्याचा वास पिणारें पान हिंगाचाहि पितें. चहांत वेलचीचीं सालें टाकून ठेवण्याची चाल आम्हीं बंद केली, आणि पुडा फोडल्याची तारीख कागदाच्या पट्टीवर लिहून डब्याला चिकटवितों.