हुरड्याची जाहिरात: गटाचे पैसे कुठं घालायचे?



दिवाळी सरली, थंडी पडली की ज्वारीच्या कणसात दाणा भरतो आणि शहरातली माणसं मोबाइलवर शोधायला लागतात, ‘हुरडा पार्टी, संभाजीनगरजवळ’. तेव्हा आपल्या गटाचं नाव दिसायला हवं. त्यासाठी दोन वाटा आहेत.

एक पैशाची. गूगलला पैसे भरले की आपली जाहिरात वर दिसू शकते. तिच्यावर ‘प्रायोजित’ असं लिहिलेलं असतं. त्या जागेसाठी लिलाव चालतो. कुणी जाहिरातीवर बोट लावलं की आपले पैसे कापले जातात, मग ते माणूस हुरडा खायला येवो न येवो. शिवाय 18 टक्के जीएसटी. पैसे थांबले की जाहिरात थांबली, अगदी टँकरच्या पाण्यासारखं.

दुसरी वाट मेहनतीची. तिला ‘एसईओ’ म्हणतात. म्हणजे शोधणाऱ्याला आपण सापडावं अशी माहिती नीट मांडून ठेवणं. गूगलच्या नकाशावर नोंद फुकट होते. पत्ता, फोन, वेळ आणि शेताचे खरे फोटो टाका. दुसरीकडून उचललेले नकोत. शहराचं नाव 2023 मध्ये बदललं, पण कितीतरी लोक अजून ‘औरंगाबाद’ लिहूनच शोधतात. म्हणून वर्णनात दोन्ही नावं असू द्या, ‘हुरडा’ इंग्रजी अक्षरांतही लिहा. मात्र गटाच्या नावात हे सगळं कोंबू नका, गूगल नोंद बंद करू शकतं. जेवून खूश झालेल्या पाहुण्यांना दोन ओळी लिहायला सांगा. त्या बदल्यात सूट देणं नियमात बसत नाही. याचं फळ यायला काही महिने जातात, म्हणून कणसं यायच्या कितीतरी आधी हे काम हाती घ्यावं.

मग पैसे घालूच नयेत का? तसं नाही. हुरड्याचा हंगाम जेमतेम दोन महिन्यांचा. त्यात शनिवार-रविवारपुरती, फक्त शहरात दिसेल अशी जाहिरात देणं आम्हाला पटतं. पापड-मसाले वर्षभर विकायचे, त्यांच्यासाठी रोज पैसे ओतणं नाही पटत. आधी हिशेब मांडा. समजा एका बोटाला पाच रुपये पडले, तर पाचशेत शंभर जणांनी पाहिलं. त्यातली दोन कुटुंबं आली, तर एका कुटुंबामागे अडीचशे गेले. ताटामागे सुटतं किती, ते आपल्या वहीत बघा.

आणि ‘तुमचं नाव गूगलवर पहिलं आणून देतो, हमखास’ असे फोन येतात, त्यांना गटाची शिल्लक देऊ नका. जाहिरात सोडली तर पहिला नंबर पैशानं मिळत नाही, आणि त्याची हमी कुणीच देऊ शकत नाही, असं गूगलच सांगतं. कुणाची मदत घेतलीच तर खातं गटाच्या ईमेलवर उघडा आणि पासवर्ड ठरावाच्या वहीत नाही, अध्यक्ष-सचिव दोघींजवळ ठेवा. पदं बदलली की पासवर्डही बदला.