पाहुण्याआधी पाणी, गर्दीआधी गाडी
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



आज आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही. बोलायचे आहे ते चिखलदऱ्यावर. तुम्ही म्हणाल, थंड हवेच्या ठिकाणाशी कोरडवाहूवाल्याचा संबंध काय? आपल्यातले किती जण तिथे हवा खायला गेले? पण संबंध आहे. तो पाण्याचा आहे, विजेचा आहे आणि साप चावलेल्या पोराला दवाखान्यात नेणाऱ्या गाडीचा आहे.

चिखलदरा सातपुड्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे अकराशे मीटर उंचीवर. २०११ च्या जनगणनेत शहराची वस्ती पाच हजारांच्या आसपास. हे ठिकाण वाढवायचे म्हणून सिडकोकडे नियोजन दिले गेले, शेजारची गावे आराखड्यात आली, दरीवर स्कायवॉकची योजना आली. आमचा पाहुण्याला विरोध नाही. पाहुणा आला तर ज्वारीची भाकरी खपेल, घरातली एक खोली भाड्याने जाईल, पोराला गावातच काम मिळेल. आमचे भांडण पाहुण्याशी नाही, हिशेबाशी आहे.

हिशेब असा. सरकारची सगळी मापे वस्तीवर चालतात. आदिवासी आणि डोंगराळ भागात वीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, हे माप. नळयोजना वस्तीवर, निधी वस्तीवर. आणि वस्ती म्हणजे जनगणनेत नोंदलेली माणसे. शनिवारी-रविवारी घाट चढून येणारी माणसे या मापात कुठेच नाहीत. ती पाणी पितात, दिवे लावतात, आजारी पडतात, दरीत घसरतात. वहीत मात्र त्यांच्या नावाने एक बादली नाही की एक खाट नाही. मग त्यांची गरज भागते कुठून? जे आपल्यासाठी मोजून ठेवले आहे त्यातून.

पाण्याचेच पाहा. २०१९ साली जल जीवन मिशन आले, त्यात खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर. इमारतींच्या मानकांत हॉटेलच्या एका खाटेला १८० लिटर, पंचतारांकित असेल तर ३२०. शंभर खाटांचे साधे हॉटेल भरले की रोज १८ हजार लिटर. तेवढ्यात सव्वातीनशे माणसांचे गाव भागते. मेळघाटात पाऊस धो धो पडतो, पण काळ्या दगडावरून वाहून खाली जातो. सुट्ट्यांची गर्दी मे महिन्यात, आणि झरे आटतात तेही मे महिन्यात. हॉटेलवाला पैसे मोजून टँकर आणतो. गावातली बाई हंडा घेऊन रांगेत उभी राहते.

राज्याच्या २००३ च्या जलनीतीत शेतीचा नंबर उद्योगाच्याही मागे होता. लोक ओरडले, तेव्हा २०११ साली तो क्रम फिरवून शेती पिण्याच्या पाण्यानंतर दुसरी आली. पण स्नानतलाव आणि हिरवळीचे पाणी पिण्याच्या नावाखाली नेले, तर कागदावरचा दुसरा नंबर काय कामाचा?

विजेचे गणित वेगळे नाही. ज्या लाइनवर गाव आहे तिच्यावरच गिझर आणि एसी चढवले, नवे उपकेंद्र मात्र उभारले नाही, तर दाब पडतो आणि रोहित्र जळते. जळालेले रोहित्र बदलून मिळेपर्यंत काय हाल होतात, ते तुम्हाला सांगायला नको.

आता गाडीचे. राज्यात १०८ ची सेवा २०१४ साली सुरू झाली ती ९३७ ॲम्ब्युलन्सवर. २०११ ची लोकसंख्या धरली तर सुमारे एक लाख वीस हजार माणसांमागे एक गाडी. चिखलदऱ्याची पावसाळी गर्दी जुलै ते सप्टेंबर. सापाचा हंगामही तोच. कापसावरच्या फवारणीचाही तोच. २०१७ साली यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि मजूर मेले, ते याच दिवसांत. अडलेली बाळंतीण डोंगरावरून अचलपूरला, अमरावतीला न्यायची ती याच घाटातून. घाटात मोटारींची रांग लागली की वर जाणारी गाडी अडते आणि खाली येणारीही. एखाद्या वळणावर अपघात झाला की तालुक्यातली गाडी तिकडे जाते. त्याच वेळी इकडे कडब्याची गंजी पेटली, घरात साठवलेला कापूस पेटला, तर अग्निशामक बंब कोणत्या रस्त्याने येणार?

कोणी म्हणेल, खासगी कंपनी सगळे सांभाळेल. १९९६ साली राज्याने खासगी गिरिस्थानांसाठी खास नियम केले. त्यांतून पुण्याजवळ वरसगाव धरणाच्या काठी लवासा उभे राहिले. २०१८ साली ती कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. कंपनी बुडते, पण नळ, दिवे आणि दवाखाना यांची गरज बुडत नाही. शेवटी ते ओझे गावावर, तालुक्यावर, सरकारवर येते.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे.

एक, खाटेला परवानगी देण्याआधी तिचे पाणी कुठून येणार ते दाखवा, आणि तेही मे महिन्याचे.

दोन, मोजणी वस्तीची नको, गर्दीच्या दिवसाची करा. हंगामात जादा ॲम्ब्युलन्स, सर्पदंशाची लस आणि बंब घाटाच्या वर आणि खाली, दोन्हीकडे ठेवा.

तीन, विजेचा वाढीव भार ज्याचा, उपकेंद्राचा खर्च त्याचा.

चार, पाहुण्यांकडून जो कर घ्याल त्याचा वाटा पाणी आणि दवाखाना पुरवणाऱ्या गावांना द्या.

चिखलदरा तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने तिथल्या ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार दिला आहे. तो कागदावर ठेवू नका. डोंगरावरच्या भावांनी ग्रामसभेत हे चार प्रश्न विचारावेत, उत्तरे लेखी घ्यावीत. आपण खालच्यांनी त्यांच्यामागे उभे राहावे, कारण घाट एकच आहे आणि दवाखान्याची गाडीही एकच आहे.

पाहुणा देवासारखा, हे आपल्या घरात शिकवावे लागत नाही. पण घरातले लेकरू तहानलेले ठेवून पाहुण्याच्या आंघोळीला पाणी तापवावे, असे कोणत्याही घराने शिकवलेले नाही.