छडीने हिशेब मिटत नाही



मुलाने कोणाचे पुस्तक फाडले, की "गुरुजी, चांगला चोपा त्याला," असे आपल्यातल्याच कितीजणी शाळेत सांगून येतात. छडी बसते, हात लाल होतो. पण पुस्तक फाटलेलेच राहते आणि दोघांतले वैर वाढते.

आपल्या देवळीहून सेवाग्राम लांब नाही. तेथे राहिलेल्या गांधीजींनी पूर्वी आफ्रिकेत, टॉलस्टॉय फार्मवर, एका दांडग्या मुलाला रुळाने मारले होते. त्याचा पश्चात्ताप आपल्याला अजून होतो, असे त्यांनी आत्मकथेत लिहिले. १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी नयी तालीम मांडली. तिच्यात मुलांनी हाताने काम करीत शिकायचे.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेत मारण्यास बंदी आहे. मग करावे काय? दोघांना समोरासमोर बसवावे. ज्याचे नुकसान झाले त्याने ते सांगावे, दुसऱ्याने निमूट ऐकावे, आणि फाटलेली पाने स्वतःच्या हाताने उतरवून द्यावीत. एकाला न्याय मिळतो, दुसऱ्याला वर्गात पुन्हा तोंड दाखवता येते. मार खाण्यापेक्षा हे कठीण आहे, म्हणूनच ते लक्षात राहते.

पुढच्या पालकसभेत "चोपा" न म्हणता "त्याच्याकडून भरून घ्या" म्हणा, एवढीच विनंती करून मी रजा घेते.